नुसती यादी म्हणजे तयारी नव्हे

७ जुलै २००५ची सकाळ. लंडनच्या टॅव्हिस्टॉक चौकात ३० क्रमांकाच्या बसमध्ये बॉम्ब फुटला. बस नेमकी ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या इमारतीसमोर होती आणि त्या इमारतीत बैठकीसाठी जमलेले डॉक्टर होते. ते धावत बाहेर आले. बैठकीला आलेल्या माणसांकडे सलाइन कुठून असणार, स्ट्रेचर कुठून असणार? त्यांनी टेबलांच्या फळ्यांचे स्ट्रेचर केले, जखमींना इमारतीच्या अंगणात आणलं आणि तिथेच उपचार सुरू केले. बसमधले १३ प्रवासी गेले. पण जे त्या अंगणात पोचले, त्यांना रुग्णवाहिका येईपर्यंत हात मिळाले.

हा प्रसंग सांगताना बहुतेक जण ‘नशीब, डॉक्टर समोरच होते’ इथे थांबतात. मला त्यातली पुढची गोष्ट जास्त मोलाची वाटते. जमलेल्या डॉक्टरांमध्ये एकाने अपघाताच्या जागी, रस्त्यावर, आणीबाणीत उपचार करण्याचं प्रशिक्षण घेतलेलं होतं. त्याने सूत्रं हातात घेतली. आधी कोणाला बघायचं, कोणाला आधी हलवायचं, कोणी कुठे थांबायचं, हे एकाच आवाजात ठरू लागलं. बाकीचे डॉक्टर हुशार नव्हते असं नाही. पण दवाखान्यात रोज एकेक रुग्ण तपासणारा माणूस एकाच वेळी समोर पडलेल्या वीस जणांकडे कसं बघायचं, हे शिकलेला नसतो. ती वेगळी विद्या आहे आणि ती आधी शिकावी लागते.

आरोग्य क्षेत्रातल्या स्वयंसेवकांबद्दल मला जे म्हणायचं आहे, ते इथूनच सुरू होतं. प्रत्येक शहरात निवृत्त नर्स असतात, खाजगी दवाखाना चालवणारे डॉक्टर असतात, औषधविक्रेते, दंतवैद्य, फिजिओथेरपिस्ट, समुपदेशक, वैद्यकीय आणि नर्सिंग महाविद्यालयांतले विद्यार्थी असतात. आपत्ती आली की यातले कितीतरी जण आपणहून पुढे येतात. माणसं कमी पडत नाहीत. पण आलेला माणूस कोण आहे, त्याला काय येतं, तो कोणाचं ऐकणार, हे त्या दिवशी कोणालाच माहीत नसतं, आणि ते शोधायला त्या दिवशी वेळही नसतो. म्हणून माझं म्हणणं असं, की शहराने या माणसांना आणीबाणीसाठी नुसतं नोंदवून ठेवू नये. त्यांना वर्षभर वस्त्यांमधल्या साध्या आरोग्याच्या कामात गुंतवावं, आणि त्या कामावर पैसे खर्च करावेत. रोजच्या कामातून जी सवय आणि ओळख तयार होते, तीच आणीबाणीत कामाला येते. दुसरी कुठलीही तयारी तिची जागा घेऊ शकत नाही.

नुसत्या उत्साहाचं काय होतं, हे जगाने पुष्कळदा पाहिलं आहे. १९ एप्रिल १९९५ला अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत सरकारी इमारत बॉम्बस्फोटात कोसळली आणि १६८ माणसं मेली. त्यात एक नर्स होती. ती स्फोटाच्या वेळी इमारतीत नव्हतीच, बातमी कळल्यावर मदतीला धावून आली होती. कोसळत्या भागातलं काहीतरी डोक्यात पडून ती जखमी झाली आणि काही दिवसांनी गेली. तिच्या धावून जाण्याला मी नमस्कार करते. पण ढिगाऱ्याजवळ कोणी जायचं आणि कोणी जायचं नाही, हे सांगणारं कोणी तिच्याजवळ असतं तर, हा विचार मनातून जात नाही.

हैतीमध्ये १२ जानेवारी २०१०ला भूकंप झाला तेव्हा जगभरातून वैद्यकीय पथकं पोचली. काहींनी फार मोठं काम केलं. पण कित्येक पथकं स्वतःची सोय न करता, स्थानिक यंत्रणेला न कळवता आली होती. हातपाय कापण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यातल्या काहींची धड नोंदही राहिली नाही. पुढे त्या रुग्णांकडे कोण बघणार, याचं उत्तर नव्हतं. त्या अनुभवावरून जागतिक आरोग्य संघटनेने २०१३मध्ये परदेशी वैद्यकीय पथकांसाठी किमान अटी ठरवल्या. येताना काय घेऊन यायचं, कोणाकडे नोंद करायची, नोंदी कशा ठेवायच्या. सदिच्छेलाही नियम लागतात, हे त्या माणसांच्या शरीरांवरून शिकावं लागलं.

आणि यादीचं म्हणाल, तर मार्च २०२०मध्ये इंग्लंडच्या आरोग्यसेवेने अडीच लाख स्वयंसेवक मागितले. औषधं घरपोच नेणं, घरात अडकलेल्यांना फोन करणं, रुग्णांची ने-आण करणं, अशी कामं होती. काही दिवसांत साडेसात लाख लोकांनी नावं दिली. नोंदणी थांबवावी लागली. पण सुरुवातीच्या काळात त्यातले बरेच जण हातात फोन घेऊन बसून होते आणि काम येत नव्हतं. ज्याला एकदा बोलावून बसवून ठेवलं, तो दुसऱ्यांदा तेवढ्या उमेदीने येईल का? स्वयंसेवकाचा उत्साह साठवून ठेवता येत नाही. तो वापरात राहिला तरच टिकतो.

अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१नंतर न्यूयॉर्कमध्ये हाच पेच पडला होता. डॉक्टर, नर्स मोठ्या संख्येने आले, आणि कोणाचा परवाना खरा, कोणाला कुठे लावायचं, हे तपासायची सोय नव्हती. पाठोपाठ टपालातून अँथ्रॅक्सचे जंतू पाठवले गेले. २२ जण आजारी पडले, ५ दगावले आणि हजारो लोकांना खबरदारी म्हणून प्रतिजैविकं द्यावी लागली. त्यातून २००२मध्ये मेडिकल रिझर्व्ह कोअर ही रचना उभी राहिली. प्रत्येक भागात स्थानिक तुकडी, आधीच तपासलेले परवाने, आधीच दिलेलं प्रशिक्षण. मला त्यातली सगळ्यात शहाणपणाची बाब ही वाटते, की या तुकड्यांना नुसतं आपत्तीसाठी राखून ठेवलेलं नाही. लसीकरण, आरोग्य तपासणी, प्रथमोपचाराचे वर्ग अशी कामं त्या एरवीही करतात.

आता मी स्वतः पाहिलेलं एक सांगते. काही वर्षांपूर्वी आपत्तीच्या एका रंगीत तालमीत मी रुग्णाचं सोंग घेतलं होतं. एका मोठ्या सभागृहात आम्हाला तीसेक जणांना जमिनीवर झोपवलं होतं. प्रत्येकाच्या गळ्यात एक कार्ड. माझ्या कार्डावर लिहिलं होतं, ‘श्वास मिनिटाला ३४, बाहेरून जखम नाही, बोलता येतं.’ म्हणजे वरवर बघता मी ठीकठाक होते. शेजारचा मुलगा पायाला लाल रंग फासून जोरजोरात ओरडत होता, आणि ते त्याने इतकं मनापासून केलं की मलाच त्याची काळजी वाटू लागली.

पहिल्या फेरीत माझ्याकडे एक तरुण डॉक्टर आला. यादीत नाव होतं म्हणून बोलावलेला, भला माणूस. त्याने माझ्याजवळ बसून नाव विचारलं, आधीचे आजार विचारले, कुठली औषधं चालू आहेत ते विचारलं, छातीला स्टेथोस्कोप लावला. चांगला डॉक्टर जे करतो, ते सगळं. त्यात पाच मिनिटं गेली. तेवढ्या वेळात माझ्या पलीकडे झोपलेल्या दोघांकडे कोणीच फिरकलं नाही. त्यातल्या एकाच्या कार्डावर होतं, ‘श्वास बंद, मान सरळ केल्यावर सुरू होतो.’ त्याची मान कोणी सरळ केली नाही. कार्डाच्या हिशेबाने तो मेला.

दुसऱ्या फेरीत एक निवृत्त सिस्टर आल्या. त्यांनी माझ्या फासळ्यांवर हात ठेवला, घड्याळाकडे बघितलं, मनगटाची नाडी चाचपली, म्हणाल्या, “माझी दोन बोटं घट्ट दाबा.” मी दाबली. त्यांनी माझ्या दंडाला लाल फीत बांधली आणि उठून गेल्या. सगळं मिळून अर्धं मिनिटही लागलं नसेल. खरं सांगायचं तर माझ्या मनाला थोडं लागलं. माझ्याशी कोणी बोलायला हवं होतं. पण तोवर त्यांच्या मागून येणाऱ्या दोघी लाल फीत बघून मला उचलायला आल्याही होत्या. ओरडणाऱ्या मुलाच्या दंडाला पिवळी फीत होती. तो थांबू शकत होता. मी थांबू शकत नव्हते, आणि ते माझ्या चेहऱ्यावरून कळण्यासारखं नव्हतं.

या पद्धतीला ट्राएज म्हणतात. सिस्टरांनी वापरलेली रीत १९८३मध्ये कॅलिफोर्नियात तयार झाली. जो चालू शकतो त्याला हिरवी फीत. श्वास नाही, श्वासमार्ग मोकळा करूनही येत नाही, त्याला काळी. श्वासमार्ग मोकळा केल्यावर श्वास सुरू होतो, किंवा श्वास मिनिटाला तिसाच्या वर, किंवा मनगटाला नाडी लागत नाही, किंवा साधी सूचना पाळता येत नाही, त्याला लाल. बाकीच्यांना पिवळी. वाचायला पाच ओळींचं काम आहे. पण समोर माणूस विव्हळत असताना त्याच्याजवळून उठून पुढच्याकडे जाणं, हे ज्याने आयुष्यभर रुग्णाजवळ बसायचं व्रत घेतलं आहे, त्याला फार जड जातं. ते हातात बसायला सराव लागतो.

तालीम संपल्यावर मी सिस्टरांना विचारलं, तुमच्या मागच्या दोघींना तुम्ही काही सांगताना दिसला नाहीत. त्या म्हणाल्या, “अहो, दोन वर्षं झाली आम्ही तिघी दर आठवड्याला वस्तीत रक्तदाब तपासायला बसतो. कोण लिहितं, कोण उठतं, कोणाला गर्दीत घाबरायला होतं, सगळं माहीत आहे आम्हाला.” या एका उत्तरात मला या विषयावरच्या कितीतरी अहवालांपेक्षा जास्त सापडलं. रक्तदाबाच्या त्या आठवड्याच्या बैठकीला कोणी आपत्तीची तयारी म्हणणार नाही. तिचा खर्च दुसऱ्या खात्यात, तिची बैठक दुसऱ्या खोलीत. पण त्या तिघींची तुकडी तिथेच घडली होती.

आपल्याकडे दोन गोष्टींच्या मध्ये उगाच भिंत आहे. एका बाजूला आपत्ती व्यवस्थापन, म्हणजे शिट्ट्या, हेल्मेट, नकाशे. दुसऱ्या बाजूला सामुदायिक आरोग्य, म्हणजे लस, मधुमेह, गरोदर बायका, म्हातारी माणसं. प्रत्यक्षात दोन्हीकडची कामं एकाच जातीची आहेत, हे गणित मांडलं की दिसतं. अँथ्रॅक्सनंतर अमेरिकेने मोठ्या शहरांपुढे एक लक्ष्य ठेवलं होतं. गरज पडली तर ४८ तासांत सगळ्या रहिवाशांपर्यंत औषध पोचलं पाहिजे. दहा लाखांचं शहर धरा. ४८ तासांत दहा लाख, म्हणजे तासाला जवळपास २१ हजार माणसं. एका खिडकीवर मिनिटाला एक माणूस मोकळा झाला, तरी साडेतीनशे खिडक्या रात्रंदिवस चालू ठेवाव्या लागतील. आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या धरल्या तर नुसत्या खिडकीवर बसणारीच हजारावर माणसं. घरटी एकाने येऊन चौघांचं औषध न्यायचं ठरवलं, तर खिडक्या नव्वदच्या आत येतात. पण मग प्रत्येक खिडकीवर चौघांची चौकशी आली. कोणाला कशाची ॲलर्जी, कोण गरोदर, लहान मूल किती वजनाचं. कुठल्याही शहराच्या आरोग्य विभागाकडे एवढे पगारी लोक नसतात आणि दर वर्षी नुसतं वाट बघण्यासाठी ते ठेवणं शहाणपणाचंही नाही.

आता फ्लूच्या लसीकरणाचं शिबिर डोळ्यासमोर आणा. रांग, नोंद, ॲलर्जीची चौकशी, टोचणं, नंतर पंधरा मिनिटं बसवून ठेवणं, लस २ ते ८ अंशांत राहते आहे ना हे बघणं, कोणाला चक्कर आली तर आडवं करणं. औषधवाटपाच्या त्या ४८ तासांतलं जवळजवळ प्रत्येक काम इथे लहान प्रमाणात घडतं. शिबिरातून लोकांना लस मिळते आणि स्वयंसेवकांची तालीमही होते. तेही नाटकातल्या रुग्णांवर नाही, खऱ्या माणसांवर, जी वैतागतात, प्रश्न विचारतात, कागद घरी विसरून येतात. कोविडच्या लसीकरणात अमेरिकेने मार्च २०२१मध्ये दंतवैद्य आणि पशुवैद्यांनाही लस टोचायची परवानगी दिली होती. मला तो निर्णय योग्य वाटतो. पण अशी परवानगी ऐन साथीत देण्याऐवजी आधीच ठरलेली असती, या लोकांनी दर वर्षी एखाद-दोन शिबिरांत हात बसवून घेतलेला असता, तर पहिल्या दिवसापासून कामाला वेग आला असता. तहान लागल्यावर विहीर खणायची, ही आपली जुनी खोड आहे.

उष्णतेच्या लाटेचं उदाहरण तर मला झोपू देत नाही. जुलै १९९५मध्ये शिकागोत काही दिवसांत नेहमीपेक्षा ७००हून जास्त माणसं मेली. इमारत पडली नाही, पूर आला नाही, काही फुटलं नाही. बंद खोल्यांमधून माणसं गेली, आणि त्यांत एकट्या राहणाऱ्या वृद्धांची संख्या मोठी होती. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लायनेनबर्ग यांनी पुढे शोध घेतला तेव्हा त्यांना शेजारशेजारचे दोन भाग सापडले. दोन्ही गरीब, दोन्हीकडे एकटे म्हातारे पुष्कळ. पण एकीकडचा मृत्युदर दुसरीकडच्या दहापट होता. जिथे रस्ते गजबजलेले होते, दुकानं चालू होती, माणसं एकमेकांना ओळखत होती, तिथे म्हातारी माणसं घराबाहेर पडली आणि वाचली. दुसरीकडे ती दार लावून बसली.

अशा घराचं दार वाजवायला लाटेच्या दिवशी अनोळखी माणूस गेला, तर ते दार उघडत नाही. महिन्यातून एकदा रक्तदाब बघायला येणारी बाई गेली, तर उघडतं. आत गेल्यावर तिला काय बघायचं हेही माहीत असतं. खिडक्या बंद आहेत का. तापमान चाळीस अंशांच्या वर असेल तर नुसता पंखा उलट गरम हवाच अंगावर मारतो, मग गार पाण्याचं फडकं किंवा दुसरी गार जागा शोधायला हवी. लघवी जास्त होण्याची गोळी चालू आहे का, कारण ती घेणाऱ्याच्या अंगातलं पाणी लवकर कमी होतं. तिचं काय करायचं हे डॉक्टरांना फोन करून विचारावं लागतं, मनाने बंद करायची नसते. इन्शुलिन कुठे ठेवलं आहे. माणूस नेहमीसारखं बोलतो आहे की असंबद्ध बोलायला लागला आहे. हे शेवटचं ओळखायला तो नेहमी कसा बोलतो, ते ठाऊक असावं लागतं. ओळखीचा उपयोग इतका थेट आहे.

हृदय अचानक बंद पडलं तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. रुग्णवाहिका कितीही तत्पर असली तरी ती शेजाऱ्याच्या आधी पोचत नाही. म्हणून स्टॉकहोममध्ये एक प्रयोग झाला. छातीवर दाब द्यायला शिकलेल्या स्वयंसेवकांना, ते जवळपास असले तर, फोनवर सूचना पाठवायची. २०१५मध्ये त्याचे निष्कर्ष आले. रुग्णवाहिकेआधी कोणीतरी छाती दाबायला सुरुवात करण्याचं प्रमाण ४८ टक्क्यांवरून ६२ टक्क्यांवर गेलं. वाचलेल्यांच्या संख्येत ठोस फरक त्या एका अभ्यासात सिद्ध झाला नाही, हेही सांगायला हवं. पण शंभरांतल्या चौदा जास्त माणसांना पहिल्या काही मिनिटांत हात मिळाला, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. आणि तो हात तयार करणारे शिक्षक कोण असणार? तेच निवृत्त नर्स, तेच विद्यार्थी. मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान पाच सेंटिमीटर खोल. एका संध्याकाळच्या वर्गात सोसायटीतल्या वीस जणांना हे शिकवता येतं.

बोस्टनची मॅरेथॉनही इथे आठवते. १५ एप्रिल २०१३ला शर्यतीच्या शेवटच्या रेषेजवळ दोन बॉम्ब फुटले. तिथे स्वयंसेवक डॉक्टर-नर्सचा वैद्यकीय तंबू होता, तो पाण्याअभावी कोसळणाऱ्या, पायाला फोड आलेल्या धावपटूंसाठी. क्षणार्धात तो रणभूमीवरचा दवाखाना झाला. तिघे जण जागेवर गेले, अडीचशेहून जास्त जखमी झाले, कितीतरी जणांचे पाय गेले. पण त्या स्फोटांतल्या जखमींपैकी जे जिवंत रुग्णालयात पोचले, ते सगळे वाचले. याला बोस्टनमधली मोठी रुग्णालयंही कारण होती, तंबूला सगळं श्रेय देणं चूक ठरेल. तरी मला वाटतं, दर वर्षी फोडांवर पट्ट्या बांधायला एकत्र येणारी माणसं तिथे नसती, तर गोष्ट वेगळी झाली असती.

या म्हणण्यावर जे आक्षेप घेतले जातात, त्यातला एक मला मनापासून पटतो. स्वयंसेवक म्हणजे फुकटचे हात असं समजून प्रशासन रिक्त जागा भरतच नाही, ही भीती. ती खरी आहे. ज्या कामाला रोज आठ तास द्यावे लागतात, त्याला पगार दिलाच पाहिजे. नर्सची जागा रिकामी ठेवून तिथे निवृत्त सिस्टरांना सेवाभावाच्या नावाखाली बसवणं हा अन्याय आहे, त्यांच्यावरही आणि नोकरीची वाट बघणाऱ्या मुलींवरही. स्वयंसेवकाकडे महिन्याचे काही तास मागावेत, संकटात काही दिवस मागावेत, त्यापेक्षा जास्त नाही. आणि ही रचना चालवायला पूर्णवेळ, पगारी समन्वयक हवाच. परवाने तपासणं, प्रशिक्षणाच्या तारखा लावणं, विमा उतरवणं, आजारी पडलेल्या स्वयंसेवकाच्या घरी फोन करणं, ही संध्याकाळी वेळ मिळेल तेव्हा करायची कामं नाहीत. स्वयंसेवकांचा कार्यक्रम फुकटात चालतो असं जो म्हणतो, त्याने तो कधी चालवलेला नसतो.

दुसरा आक्षेप आकड्यांचा आहे आणि त्याकडे फार कमी लोक बघतात. शहराच्या यादीतली नर्स एखाद्या रुग्णालयात नोकरीला असते. रुग्णालयाच्या आपत्ती योजनेत तिचं नाव असतं, स्वयंसेवी संस्थेच्या यादीतही असतं. कागदावर तीन नर्स, प्रत्यक्षात एक. साथीच्या किंवा भूकंपाच्या दिवशी ती पहिल्यांदा आपल्या रुग्णालयातच जाणार, आणि तिने जावंही. म्हणून नोंदणी करतानाच सरळ विचारावं, की त्या दिवशी तुमच्यावर आधी कोणाचा हक्क आहे. घरात लहान मूल आहे का, आजारी सासू आहे का, हेही विचारावं, आणि जो ‘मी नाही येऊ शकणार’ म्हणेल त्याला अपराधी वाटू देऊ नये. अशा माणसाला फोनवरचं काम देता येतं. निवृत्तांचं महत्त्व इथेच आहे, त्यांच्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नसतो. मात्र त्यांचा परवाना चालू राहील, त्याची फी माफ होईल, एवढं तरी शहराने आणि राज्याने त्यांच्यासाठी करावं. कायद्याचं संरक्षणही लागतं. नेमून दिलेलं काम, आपल्या कौशल्याच्या मर्यादेत, चांगल्या हेतूने करताना काही चुकलं तर स्वयंसेवकाला कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागू नयेत. बेपर्वाईला मात्र ते संरक्षण नसावं.

एकट्या वृद्धांच्या, ऑक्सिजनवर असणाऱ्यांच्या, डायलिसिसवर असणाऱ्यांच्या याद्या स्वयंसेवकांच्या हातात द्यायला मी थोडी घाबरते. त्या हव्यात, वीज गेली की सगळ्यात आधी त्याच घरांत जावं लागतं. पण कोण घरात एकटं असतं, ही माहिती चुकीच्या हातात गेली तर काय होईल, सांगायला नको. प्रत्येक तुकडीकडे फक्त आपल्या गल्ल्यांपुरती यादी, ज्यांची त्यात नावं आहेत त्यांची संमती, आणि सोडून जाणाऱ्या स्वयंसेवकाकडून ती परत घेण्याची पद्धत, यावर आधी बोलणं व्हायला हवं.

जपानने या सगळ्याचा फार महागडा धडा घेतला. १७ जानेवारी १९९५ला पहाटे कोबेला भूकंप झाला. ६,४३४ माणसं गेली. त्या वर्षभरात तेरा लाखांच्या आसपास स्वयंसेवक तिथे येऊन राबले. जपानमध्ये त्या वर्षाला स्वयंसेवेचं पहिलं वर्ष म्हणतात. आणि तरीही नंतर तज्ज्ञांनी हिशेब मांडला, की नेहमीच्या दर्जाचे उपचार वेळेवर मिळाले असते तर पाचशेच्या आसपास माणसं वाचली असती. हात होते, ते नेमक्या जागी पोचवणारी रचना नव्हती. प्रशिक्षित आपत्ती वैद्यकीय पथकांची देशव्यापी रचना तिथे २००५मध्ये उभी राहिली. मधे दहा वर्षं गेली.

संकट संपल्यावर स्वयंसेवकांना आपण विसरतो, हे मला सगळ्यात जास्त खुपतं. प्रमाणपत्र देतो, फोटो काढतो आणि मोकळे होतो. ज्याने काळी फीत बांधली, तो माणूस त्या रात्री घरी जाऊन काय करतो? पगारी कर्मचाऱ्याला निदान सहकारी असतात, दुसऱ्या दिवशी ड्युटी असते, बोलायला कोणीतरी असतं. स्वयंसेवक एकटा घरी जातो. आठवड्याने आणि महिन्याने त्याला फोन करायचा, झोप येते का विचारायचं, गरज वाटली तर समुपदेशकाकडे पाठवायचं, हे कामाच्या यादीतच लिहिलेलं असावं. समुपदेशक स्वयंसेवकांची पहिली गरज कदाचित इथेच आहे.

तुमच्या शहराच्या योजनेत ‘स्वयंसेवक’ या शब्दापुढे एखादा मोठा आकडा लिहिलेला असेल, तर तो तपासायचा एक सोपा मार्ग आहे. रविवारी पहाटे सहा वाजता यादीतल्या प्रत्येकाला एक संदेश पाठवायचा: ‘सराव आहे. तासाभरात कुठे पोचू शकाल ते कळवा.’ सात वाजता किती उत्तरं आली ते मोजायचं. जो आकडा येईल, तोच खरा. मग सोमवारपासून समन्वयकाने उरलेल्या प्रत्येकाला फोन लावायचा. फोन बदलला असेल, गाव सोडलं असेल, कोणी वारलं असेल. कोणी म्हणेल, चार वर्षांपूर्वी नाव दिलं होतं, तुम्ही परत कधी बोलावलंच नाही. त्या माणसाला तिथल्या तिथे विचारायचं, की या आठवड्यात वस्तीत रक्तदाब तपासायला बसायचं आहे, येता का?